लक्ष्मीचे देणे

(पोळा आणि महालक्ष्म्या यांच्या मधल्या आठवड्यात शिरपूर जैन येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या सभेत आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असते. तोवर अर्धे लोक चपला शोधत असतात, सतरंज्या झटकायला पोरे उभी असतात आणि माइकवरचा कार्यकर्ता मंडपवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळी नावे घाईघाईने वाचून मोकळा होतो. एखादे नाव राहिले तर तो माणूस वर्षभर रुसतो. आज आम्ही ठरवले आहे, आभाराचा कार्यक्रम आधी घ्यायचा आणि नीट घ्यायचा. पत्रिकेवर विषय छापला आहे 'कृतज्ञता'. काही जणांनी येताना विचारलेच, "सोयाबीनच्या भावाचं सोडून हे कीर्तन कायले लावलं?" भावाचे बोलणार आहोत. पण ज्याला आपले देणे कळत नाही त्याला आपले घेणेही ठणकावून मागता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की आपल्या घरात 'धन्यवाद' हा शब्द कोणी वापरत नाही. भाकरी वाढली म्हणून बायकोला धन्यवाद म्हणणारा माणूस आपल्या गावात दिसला तर लोक त्याला दवाखान्यात नेतील. पण म्हणून आपली माणसे कृतघ्न आहेत असे नाही. आपल्याकडे उपकाराची फेड तोंडाने करत नाहीत, हाताने करतात. ज्याच्याकडे एकच बैल आहे तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. आज माझे वावर, उद्या तुझे. ज्याची पेरणी मागे पडली त्याच्यासाठी गावातल्या जोड्या इर्जिक करून जात. वावरधनी संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचा आणि पुढच्या वेळी स्वतःची जोडी घेऊन दुसऱ्याच्या बांधावर हजर व्हायचा. न गेला तर त्याला कोणी काही बोलत नसे, फक्त पुढच्या वर्षी त्याच्या वावरात कोणी येत नसे. ट्रॅक्टर आला, इर्जिक गेली. पण तिच्यातला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. घेतले ते लक्षात ठेवायचे, तेवढेच किंवा त्याहून थोडे जास्त परत करायचे, आणि परत करताना समोरच्याची मान खाली जाणार नाही असे वागायचे. कृतज्ञतेची याहून चांगली व्याख्या आम्हाला कृषी महाविद्यालयातल्या कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

उपकार आणि देणे

आता याच्या उलटा एक प्रकार असतो. वरचा माणूस खालच्याला काहीतरी देतो आणि बदल्यात त्याच्या वाकलेल्या मानेची अपेक्षा करतो. जुन्या गावगाड्यात खळ्यावर बलुतेदाराला धान्य घालत. त्याने वर्षभर काम केलेले असायचे, म्हणजे ती त्याची मजुरी होती. पण घालणारा ती अशी घालायचा की जणू दान करतो आहे, आणि घेणाऱ्याने पदर पसरून घ्यायचे. काम आधी घेतलेले, तरी आभार त्यानेच मानायचे. ही कृतज्ञता नव्हे. ही गुलामी. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याला त्याच्याच घामाच्या पैशावर पोसलेल्यांपुढे हात कसे जोडावे लागतात, हे त्यात त्यांनी उघडे करून दाखवले आहे.

आज शेतकऱ्याच्या बाबतीत सरकार काय करते? 1990 साली दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी झाली. 2008 साली झाली, तीत पाच एकरांची अट घातली आणि आपला वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी, ज्याच्याकडे सात-आठ एकर खडकाळ वावर आहे, तो 'मोठा शेतकरी' ठरून बाहेर राहिला. 2017 साली दीड लाखापर्यंतची झाली, 2019 साली दोन लाखांपर्यंतची झाली. मधल्या काळात, 2006 साली, आपल्या वाशीमसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे पॅकेज आले. दर वेळी फलक लागले आणि दर वेळी फलकावर आपण कोणाचे आभार मानायचे त्यांचे फोटो होते.

याचा हिशेब मांडून पाहा. ओईसीडी आणि इक्रियर या दोन संस्थांनी 2018 साली भारतीय शेतीच्या धोरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निघाले की 2000-01 ते 2016-17 या काळात निर्यातबंदी, साठ्यावरच्या मर्यादा आणि बाजारातल्या अडचणी यांमुळे शेतकऱ्याची ढोबळ मिळकत सरासरी 14 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे शंभराच्या मागे चौदा रुपये काढून घेतले, तेही सतरा वर्षे. आमच्या चळवळीने हेच 1980 पासून उणे सबसिडी म्हणून सांगितले. तेव्हा आम्हाला वेड्यात काढले. दूर कशाला जायचे, 2021 चा उन्हाळा-पावसाळा आठवा. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. ऑगस्टमध्ये बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. नवा माल बाजारात यायच्या वेळेला भाव कुठे आला होता, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

खिशातून चौदा रुपये काढून घेणाऱ्याने त्यातले दोन परत केले, तर त्याचे आभार मानायचे नसतात. उरलेले बारा मागायचे असतात. म्हणून आपण म्हणतो, भीक नको, हवे घामाचे दाम. कोणी आपल्याला 'अन्नदाता' म्हणून हार घालायला आला, तर हार घ्यावा, पण विचारावे, की दात्याच्या मालाला भाव काय देता? तोंडाची कृतज्ञता फार स्वस्त असते. ती बहुधा तिथेच जास्त दिली जाते जिथे पैसे द्यायचे नसतात.

एवढे बोलल्यावर टाळ्या पडतात हे आम्हाला माहीत आहे. टाळ्या पडल्या. आता हाच गज घेऊन आपण आपले घर मोजणार आहोत. तिथे टाळ्या पडतील की नाही हे माहीत नाही.

बैलाचे आणि मातीचे

नुकताच पोळा झाला. आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी केली. हळद आणि लोणी लावून खांदे चोळले, उद्या जेवायला या म्हणून निमंत्रण दिले. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, तोरण, पुरणपोळी. वर्षातून एक दिवस बैल आधी जेवतो आणि मालक मागून. हा सण ज्याने काढला त्याला शेती कळत होती. जूं बसते ते खांद्यावर, म्हणून लोणीही खांद्यालाच. जिथे ओझे, तिथेच फेड.

पण बैलाच्या बाबतीत एक गोष्ट इथेच बोलून ठेवतो. 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. गोवंशाबद्दल कृतज्ञता म्हणून कायदा झाला असे सांगतात. थकलेल्या बैलाला चारा कोणी घालायचा? शेतकऱ्याने. त्याची बाजारातली किंमत कोणाची बुडाली? शेतकऱ्याची. त्याला नवी जोडी घेता आली नाही, वावरात मोकाट जनावरे शिरली, ती कोणाच्या? दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या कृतज्ञतेला पुण्य लागत नाही. ज्याला ऋण फेडायचे आहे त्याने आपल्या गाठीचे सोडावे. हे सूत्र लक्षात ठेवा, कारण पुढे ते आपल्यावरच येणार आहे.

दुसरे देणे मातीचे. आम्ही कृषी पदवीधर माणसे, तेव्हा भावनेपेक्षा किलोत सांगतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. म्हणजे एक क्विंटल सोयाबीनबरोबर सहा किलोंहून जास्त नत्र वावरातून बाहेर जाते. एकरी आठ क्विंटल पिकले तर पन्नास किलोंच्या आसपास. त्यातले निम्मे किंवा अधिक मुळांवरच्या गाठी हवेतून आणतात, बाकीचे माती देते. पालाश जातो सुमारे सोळा किलो. आपण काय परत करतो? पेरताना एक पोते डीएपी. त्यात नऊ किलो नत्र, तेवीस किलो स्फुरद, आणि पालाश शून्य. वर्षानुवर्षे आपण मातीच्या खात्यातून उचल करतो आहोत आणि खाते कधी मिटवत नाही. भर म्हणून हडंब्यातून निघालेले कुटार बांधावर पेटवून देणारेही आहेतच. त्या कुटारात पालाशही असतो आणि जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय भागही. ते कुजवून वावरात पसरणे, उकिरडा सावलीत झाकून ठेवणे, तीन वर्षांतून एकदा तरी एकरी चार-पाच गाड्या शेणखत देणे, ही मातीची खांदेमळणी. ती करायला कोणाचे परिपत्रक लागत नाही. काळ्या आईच्या नावाने कविता करणारे पुष्कळ आहेत. आईला जेवायला घालणारे थोडे.

तिसरे देणे

आता मुख्य विषयाकडे येतो. चार दिवसांत महालक्ष्म्या येतील. घराघरात मुखवटे निघतील, साड्या नेसवल्या जातील, आंबील होईल, पुरण होईल, सोळा भाज्या होतील. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले उमटवून आपण विचारू, लक्ष्मी कशाच्या पावलाने आली? सगळे म्हणतील, सोन्याच्या पावलाने. तिसऱ्या दिवशी बोळवण. आणि हा सगळा स्वयंपाक जिने केला, ती चौथ्या दिवशी पहाटे उठून विळा घेऊन निंदायला जाईल.

पेरणीच्या वेळी सरत्यामागे कोण असते? निंदण, खुरपण, खत टाकणे, कापूस वेचणे, तूर ओलवणे, सोयाबीन सोंगणे, सुडी घालणे, दाणे वाळवणे, बियाणे निवडून राख लावून ठेवणे, ही कामे कोण करते? गोठा कोण झाडते? हे सगळे करून पाणी, सरपण, चूल, लेकरे, म्हातारी माणसे. तुमच्या गावातला कोणताही एक हंगाम धरा आणि माणसाचे तास एका रकान्यात, बाईचे तास दुसऱ्या रकान्यात लिहा. आम्ही काही गावांत लिहून पाहिले आहेत. दुसरा रकाना कागदाच्या मागच्या बाजूला जातो. आणि मजुरीला गेली तर तिचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी. समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 साली झाला. तो आपल्या धुऱ्यापर्यंत पोचलेला नाही.

तिचे नाव कुठे आहे? 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायकांचे प्रमाण साधारण 14 टक्के निघाले. बाकीच्या सरकारदरबारी शेतकरी नाहीतच. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा तो. पीककर्ज त्याला, विमा त्याला, 2019 पासून किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार तेही त्याला. 2024 साली लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार सुरू झाले, ते बहिणी घेतात आणि घ्यावेत. पण बहिणीला ओवाळणी मिळाली म्हणून तिचा वाटा फिटला असे कोणी समजू नये.

तुम्ही शिरपूरचे लोक. तुमच्या गावाचे नाव देशभर आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे. मूर्ती जमिनीला टेकत नाही, खालून वस्त्र निघते, अशी तिची ख्याती. ते दर्शन घ्यायला दुरून माणसे येतात, हात जोडतात, चमत्कार म्हणतात. देवाचा चमत्कार आम्हाला मान्य आहे. पण आपल्या घराघरात एक बाई तशीच अधांतरी उभी आहे. माहेरचे वावर भावांचे, सासरचे वावर नवऱ्याचे, नाहीतर सासऱ्याचे. पायाखाली स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन नाही. तीस वर्षे ती अशी उभी राहते, आणि आपण याला चमत्कार म्हणत नाही, रीत म्हणतो.

आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथे सीतेचे मंदिर आहे. एकट्या सीतेचे, बाजूला राम नाही. लोक सांगतात, रामाने टाकल्यावर सीता इथे राहिली, इथेच बाळंत झाली. लेकरांसाठी तिने गावात पसाभर गहू मागितला, गावाने दिला नाही, आणि तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांना त्या कथेत काय दिसले असेल? राजाची राणी, पण दाराबाहेर काढल्यावर पसाभर गव्हासाठी हात पसरते. तिच्या नावावर दोन एकर असते तर ती मागायला गेली असती का?

9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखांच्या संख्येने बाया आल्या. डोक्यावर भाकरीचे गाठोडे, कडेवर लेकरू. तिथून पुढे विचार निघाला लक्ष्मीमुक्तीचा. मांडणी साधी होती. आपण सरकारकडे कर्जमुक्ती मागतो, कारण आपल्या मालाला भाव न देऊन सरकारने आपल्याला लुटले. मग ज्या बाईच्या कामाला आपण पिढ्यानपिढ्या काहीच भाव दिला नाही, तिचे आपण कर्जदार नाही का? सरकारकडून आपले घ्यायचे, तर आधी घरातल्या लक्ष्मीचे द्यावे. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या राजीखुशीने जमीन बायकोच्या नावे करतील, त्या गावात शरद जोशी स्वतः येतील, असे ठरले. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने यात मोठा पुढाकार घेतला. 1990 च्या पुढेमागे राज्यात अशी पुष्कळ गावे झाली. सरकारचे दान नाही, कोर्टाचा हुकूम नाही, कोणाची सक्ती नाही. शेतकऱ्याने आपल्याच गाठीचे सोडले. जगात चळवळी पुष्कळ झाल्या, बहुतेकांनी दुसऱ्याकडे मागितले. या चळवळीने आपल्या माणसांना द्यायला सांगितले आणि त्यांनी दिले.

आमची स्वतःची बाकी

हे सांगताना आम्हाला मान वर करता येत नाही, त्याचे कारणही सांगतो. काही वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातल्या एका गावात आपला एक कार्यकर्ता गेला. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही सगळे मौतीला गेलो, तेरवीला गेलो. निघताना प्रत्येकाने त्याच्या बायकोला सांगितले, वहिनी, काही लागले तर कळवा. चार महिन्यांनी तिने कळवले. वावर सासऱ्याच्या नावावर होते. पेरणीला कर्ज पाहिजे होते, ते कोणी द्यायला तयार नव्हते. दीर म्हणत होते, तू लेकरं घेऊन माहेरी जा, वावराचं आम्ही पाहू. कायद्याने मेलेल्या मुलाची बायको ही सासऱ्याच्या वारसांपैकी एक आहे. पण सासरा जिवंत होता, आणि नवऱ्याचा वडिलोपार्जित हिस्सा मागायचा तर दावा लावावा लागला असता. ती म्हणाली, "भाऊ, वीस वरीस या वावरात निंदलं. कोणत्या तासाला दगड हाय ते मले मुखपाठ हाय. पन कागदावर मी कोनाचीच नाई." आम्ही दोन-तीनदा जाऊन दिरांना समजावले. त्यांनी चहा पाजला. पुढच्या मृगात ती त्याच वावरात रोजाने निंदायला गेली.

त्या दिवशी परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर आम्ही सात कार्यकर्त्यांनी आपापले सातबारे काढून मांडले. सातपैकी दोघांच्या सातबारावर बायकोचे नाव होते. पाच जणांनी लक्ष्मीमुक्तीवर भाषणे केली होती, घोषणा दिल्या होत्या, बिल्ले लावले होते. आमची आंदोलने झाली तेव्हा आमच्या बाया रस्त्यावर बसल्या, काही तुरुंगात गेल्या, ज्या गेल्या नाहीत त्यांनी मागे वावर सांभाळले. सत्काराच्या वेळी मंचावर आम्ही होतो. आज सातांपैकी सहा सातबाऱ्यांवर नावे चढली आहेत. सातवा फेरफार नोटिशीत आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. उशीर झाला म्हणून सांगतो.

आता तुमच्या मनात काय येते ते आम्हाला माहीत आहे, कारण आमच्याही मनात तेच आले होते. बायको सोडून गेली तर? तर मग जमिनीने नाही, दुसऱ्याच कशाने तरी ती आजवर राहिली होती, हे तरी कळेल. आणि ती घर सोडून गेल्याच्या गोष्टी किती ऐकल्या, तिला घराबाहेर काढल्याच्या किती ऐकल्या, हे आपल्याच गावात मोजा. साळे येऊन वावर विकतील? सहधारकाच्या सहीशिवाय सगळे वावर विकता येत नाही. उलट दारूच्या किंवा सट्ट्याच्या नादात एका रात्रीत वावर विकणाऱ्या गड्याला तिची सही आडवी येते. किती घरे या एका सहीने वाचली असती, हे म्हाताऱ्या माणसांनी आठवून पाहावे. तिसरा आक्षेप असा की तिला काय कळते? जिला दगड कोणत्या तासाला आहे ते कळते, तिला सातबारा कळायला एक दुपार पुरते.

काही जणांनी लक्ष्मीमुक्ती केली आणि खडकाळ तुकडा तिच्या नावावर लावला. काहींनी योजनेच्या फायद्यासाठी नाव लावले आणि पासबुक आपल्या खिशात ठेवले. पोळ्याला बैलाच्या शिंगाला बेगड लावायचे आणि खांदा सुजलेला तसाच ठेवायचा, असा हा प्रकार आहे. असे करू नका.

करायचे काय

कामाचे सांगतो, लिहून घ्या. 1992 साली सरकारने लक्ष्मीमुक्तीचे परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीत बायकोचे नाव सहधारक म्हणून सातबारावर लावता येते. अर्ज तलाठ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एक सावधगिरी सांगतो. फेरफार ही महसुली नोंद आहे. पूर्ण मालकी द्यायची असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले बक्षीसपत्र करावे. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी तिथे चौकशी करा. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वाटणी करून घ्या, वडील हयात आहेत तोवर बसून बोला. मागून बोलायला वकील लागतात. आणि पोरींचे विसरू नका. आपल्या राज्याने 1994 साली आणि देशाने 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना साडी-चोळीत भागवू नका.

बहिणींना एक सांगणे आहे. हे तुम्हाला मिळाले तर कोणाचे पाय धरू नका. नवऱ्याचे उपकार मानू नका, आमचे तर मुळीच मानू नका. तुम्ही घेणेकरी आहात. घेणेकऱ्याने देणे वसूल झाल्यावर पावती द्यायची असते. घरात माया असेल ती वेगळी, ती कागदाने वाढत नाही आणि कमीही होत नाही. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे, की ज्या घरात नाव लागले तिथे बियाणे कोणते आणायचे, सोयाबीन कधी विकायचे, यात बाईला विचारू लागले. एका घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला सांगितले, "पहिले मी येकटाच हिशेबात चुकत होतो, आता दोघं मिळून चुकतो, म्हनून कमी चुकतो."

भावांनो, पुढच्या महिन्यात आपण सोयाबीनच्या भावासाठी जिल्ह्याला जाणार आहोत. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झालेला आहे. जाहीर होणे वेगळे आणि काट्यावर मिळणे वेगळे. आपण तिथे म्हणणार, आमच्या घामाचे दाम द्या. तिकडून कोणी विचारले, की तुमच्या घरात ज्यांचा घाम गळला त्यांना तुम्ही काय दिले, तर आपल्याजवळ उत्तर पाहिजे. आपण देणे बुडवून घेणे मागायला गेलो तर आवाज बसतो. आमचा बसला होता.

मंडपाच्या दाराशी टेबल ठेवले आहे. कोरे अर्ज आहेत, लिहून द्यायला दोन पोरी बसल्या आहेत, दोघीही तुमच्याच गावच्या. सातबाऱ्याचा उतारा सोबत असेल त्यांनी आजच अर्ज भरा. नसेल त्यांनी नाव आणि गट नंबर लिहून जा. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अर्जाची पोच मुखवट्यापुढे ठेवण्याआधी ती जिच्या नावाची आहे तिच्या हातात द्या, आणि त्या दिवशी तिला आधी जेवू घाला. वर्षातून एकदा बैलाला जमते, तर तिला का जमू नये?

आभारप्रदर्शन आधीच झाले आहे, आता ते होणार नाही. मंडपवाल्यांचे पैसे आम्ही दिले आहेत. स्वयंपाक ज्या बहिणींनी केला त्यांची पंगत पहिली बसेल, वाढायला आम्ही आहोत. ज्यांना वाढता येते त्यांनी हात धुऊन यावे.